काचेच्या बरणीतील हिमवर्षाव : एक हस्तकृती आणि एक प्रयोग

महाराष्ट्रातील मुलाला पाऊस समजावून द्यावा लागत नाही. पहिल्या सरीचा वास, ओढ्याला आलेले गढूळ पाणी, पागोळ्यांखाली पडलेले खळगे हे सारे त्याने शाळेत येण्यापूर्वीच पाहिलेले असते. हिमाचे तसे नाही. हिमालयाचा किंवा थंड देशांतील हिवाळ्याचा धडा आला की आकाशातून हिम भुरभुरत खाली येते हे वाक्य मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे एक तर चैत्र-वैशाखातील गारा येतात, नाही तर जत्रेतील गोळेवाल्याच्या गाडीवरील किसलेला बर्फ येतो. शब्द पाठ झाला, पण वस्तू दिसली नाही, अशी ही अवस्था होय.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे एक साधे खेळणे आहे. काचेच्या गोलात पाणी भरलेले असते, आत एखादे घर किंवा झाड असते, आणि गोल हलवून स्थिर ठेवला की पांढरे कण तरंगत तरंगत त्या घरावर उतरतात. हा हिमगोल रुंद तोंडाची बरणी, अंड्यांची टरफले आणि थोडे ग्लिसरीन एवढ्या साहित्यात शाळेत करता येतो. तो कसा करावा हे पुढे दिलेच आहे. त्याबरोबरच ह्या बरणीत खरे काय आहे आणि खोटे काय आहे, याचाही विचार केला आहे. कारण तो विचार वगळला तर बरणी केवळ कपाटाची शोभा होते.

पूर्वपीठिका

असे गोल प्रथम कोणी केले हे एका नावावर घालता येत नाही. पॅरिस येथे १८७८ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात पाण्याने भरलेले पोकळ काचगोल मांडलेले होते. त्यांत छत्री घेतलेला एक मनुष्य असे, आणि गोल उलटा केला की पांढरी भुकटी हिमवादळाप्रमाणे त्याच्यावर पडे. प्रदर्शनास आलेल्या अमेरिकी प्रतिनिधींच्या अहवालात त्याची नोंद आहे.

ह्या खेळण्याला स्थिर रूप मिळाले ते मात्र ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथे. तेथे एर्विन पेर्झी नावाचा एक कारागीर शस्त्रक्रियेची उपकरणे बनवीत असे. त्या काळचे विजेचे दिवे मंद असत, आणि शस्त्रक्रियेच्या जागी अधिक प्रकाश कसा पाडावा ह्या विवंचनेत तो होता. युरोपातील चर्मकार रात्री काम करताना दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचगोल ठेवीत. त्यामुळे प्रकाश एकवटून हातातील कामावर पडे. पेर्झीने तीच युक्ती उचलली आणि प्रकाश वाढावा म्हणून पाण्यात निरनिराळे चमकदार कण टाकून पाहिले. त्याच्या कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत अशी की, ह्या खटपटीत त्याने एकदा रवा पाण्यात टाकला. प्रकाश काही वाढला नाही. परंतु रव्याचे कण सावकाश खाली बसताना पाहून त्याला हिमवर्षावाची आठवण झाली. ह्याच सुमारास, म्हणजे १९०० साली, मारियात्सेल येथील प्रसिद्ध चर्चची लहानशी प्रतिकृती आत बसवून त्याने हिमगोल तयार केला. त्याच्या वंशजांचा कारखाना व्हिएन्नाच्या हेर्नाल्स भागात आजही चालू आहे. रव्याची जागा पुढे दुसऱ्या मिश्रणाने घेतली आणि ते मिश्रण घराण्याने गुप्त ठेवले आहे.

ही हकिकत मुलांना अवश्य सांगावी. एका कामात आलेले अपयश नीट पाहिल्यामुळे दुसरी वस्तू कशी जन्मास आली, हे त्यातून कळते. रवा तर प्रत्येक मुलाच्या घरात असतो. पण तो पाण्यात कसा बसतो हे किती जणांनी पाहिले आहे?

कण सावकाश का उतरतात ?

खरे हिम हवेतून पडते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक ते दीड मीटर असतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो. हिमाची पाकळी रुंद असूनही वजनाने हलकी असते; तिला हवेचा अडथळा फार होतो, म्हणून ती भुरभुरते.

आता दहा सेंटिमीटर उंचीच्या बरणीत कण खऱ्या हिमाच्या वेगाने पडू लागले तर काय होईल ? दहा सेंटिमीटर म्हणजे मीटरचा दहावा भाग. तेवढे अंतर कण सेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपवील. बरणी खाली ठेवेपर्यंत हिमवर्षाव आटोपलेला असेल. देखावा लहान केला म्हणजे वेगही कमी करावा लागतो. बरणीत हवेऐवजी द्रव घालावयाचा तो याचसाठी.

द्रवातील कणावर तीन बले कार्य करतात. पृथ्वी त्याला खाली ओढते. कणाने बाजूस सारलेला द्रव त्याला वर उचलून धरतो. विहिरीत बुडालेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, ते ह्याच बलामुळे. तिसरे बल म्हणजे द्रवाचा विरोध. कण जितका वेगाने जाऊ पाहतो तितका हा विरोध वाढतो. थोड्याच वेळात तिन्ही बलांचा समतोल होतो आणि तेथून पुढे कण एकाच वेगाने उतरतो. ह्या वेगास अंतिम वेग असे म्हणतात. बारीक कणांच्या अंतिम वेगाचा नियम जॉर्ज स्टोक्स ह्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. त्याचा शिक्षकांना उपयोगी पडणारा आशय असा : द्रव जितका दाट तितका वेग कमी, कण व द्रव यांच्या घनतेतील अंतर जितके कमी तितका वेग कमी, आणि कणाचा व्यास निम्मा केला तर वेग एकचतुर्थांश होतो.

येथे दाट ह्या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे आहे. व्यवहारात दाट आणि जड यांची गल्लत होते. गोडे तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे; परंतु ओतताना ते पाण्यापेक्षा सावकाश वाहते. द्रवाच्या ह्या सावकाश वाहण्याच्या गुणास शास्त्रात श्यानता म्हणतात. एका वाटीत पाणी व दुसरीत तेल घेऊन ती ओतून दाखविली की हा भेद चौथीच्या मुलासही कळतो.

ग्लिसरीन हे साबण तयार होताना मिळणारे द्रव्य औषधांच्या दुकानात मिळते. २० अंश सेल्सिअस तापमानास शुद्ध ग्लिसरीनची श्यानता पाण्याच्या सुमारे १४०० पट असते. ते पाण्यात सर्व प्रमाणांत मिसळते व मिश्रण स्वच्छ राहते, म्हणून हिमगोलास ते सोयीचे आहे. तीन भाग पाणी व एक भाग ग्लिसरीन घेतल्यास मिश्रणाची श्यानता पाण्याच्या दुपटीहून थोडी अधिक होते; दोन्ही समभाग घेतल्यास ती सुमारे आठपट होते. नुसत्या ग्लिसरीनमध्ये मात्र बारीक कण जागच्या जागी अडकल्यासारखे दिसतात.

हिमकणांची निवड

हिमासाठी कोणता पदार्थ वापरावा हे शिक्षकांनी आधी सांगू नये. मुलांना घरून चिमूट-चिमूट पदार्थ आणण्यास सांगावे आणि प्रत्येक पदार्थ पेलाभर पाण्यात टाकून पाहावा. अनुभव साधारणपणे पुढीलप्रमाणे येतो.

मीठ व साखर विरघळतात. खडूची पूड पाणी गढूळ करते. थर्मोकोलचा चुरा व मेणाचा कीस पाण्यावर तरंगतात. पांढरी वाळू चटकन तळाशी जाते. तो गारांचा पाऊस दिसतो. रवा प्रारंभी सुरेख उतरतो, परंतु पुढे पाणी शोषून फुगतो आणि काही दिवसांत नासतो. सुक्या खोबऱ्याचा कीस तेल सोडतो आणि तोही टिकत नाही.

ह्या यादीवरून मुलांनाच निष्कर्ष काढता येतो. पदार्थ पांढरा हवा, न विरघळणारा हवा, न फुगणारा व न नासणारा हवा, पाण्यापेक्षा जड हवा, पण फार जड किंवा भरड नको. ह्या सर्व कसोट्यांस उतरणारा आणि फुकट मिळणारा पदार्थ म्हणजे अंड्याचे पांढरे टरफल. ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्याचे तुकडे चपटे पडतात, त्यामुळे ते पाण्यात डोलत, गिरक्या घेत उतरतात. अंड्याच्या टरफलास कोणाचा आक्षेप असेल तर पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा त्याच रीतीने वापरावा. तो कुटण्यास मात्र अधिक श्रम पडतात. बाजारी चमकी सहसा प्लॅस्टिकची असते. तिचे सूक्ष्म कण मोरीतून ओढ्यानदीत जातात व नाश पावत नाहीत. ह्याच कारणास्तव युरोपीय संघाने २०२३ साली सुट्या प्लॅस्टिक चमकीवर निर्बंध घातले. शाळेत ती टाळलेली बरी.

साहित्य

१. रुंद तोंडाची, आटेदार झाकणाची, पारदर्शक काचेची लहान बरणी. जॅमची किंवा लोणच्याची रिकामी बरणी चालते. शक्य तर झाकण प्लॅस्टिकचे घ्यावे. पत्र्याचे झाकण असल्यास त्यास आतून तैलरंगाचे दोन हात द्यावेत, नाही तर ते गंजते.
२. उकळून गार केलेले स्वच्छ पाणी.
३. ग्लिसरीन, पाण्याच्या एकतृतीयांश.
४. तीन-चार अंड्यांची पांढरी टरफले.
५. आत बसविण्याची मूर्ती व एक चपटा खडा.
६. दोन नळ्यांत मिळणारे एपॉक्सी चिकटद्रव्य. पांढरा डिंक किंवा खळ पाण्यात सुटते. ती वापरू नये.
७. भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे एक-दोन थेंब.
८. परात, चमचा, खलबत्ता, रव्याची व पिठाची चाळण, टीपकागद. खलबत्ता व चाळण्या ह्या कामापुरत्या वेगळ्या ठेवाव्यात. त्या पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

मूर्तीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कच्च्या मातीची मूर्ती पाण्यात विरघळते, लाकडाची फुगते व सुटून वर येते, लोखंडाची गंजून पाणी तांबूस करते. भाजलेल्या मातीची, काचेची, दगडाची किंवा प्लॅस्टिकची मूर्ती टिकते. मुलांनी स्वतः केलेले मातीचे घर कुंभाराच्या भट्टीत भाजून घेऊन तैलरंगाने रंगविल्यास ते सर्वांत उत्तम. रंग पूर्ण वाळण्यास काही दिवस द्यावेत.

कृती

(१) टरफले धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळावीत. गार झाल्यावर आतील पातळ पापुद्रा बोटांनी सोलून काढावा. तो राहिला तर कण एकमेकांस चिकटतात. टरफले उन्हात खडखडीत वाळवावीत.

(२) वाळलेली टरफले खलबत्त्यात हलक्या हाताने कुटावीत. पीठ करावयाचे नाही. चुरा प्रथम रव्याच्या चाळणीतून चाळावा व खाली आलेला भाग पुन्हा पिठाच्या चाळणीत घालावा. पिठाच्या चाळणीत जो वर राहील तेवढाच घ्यावा.

(३) हा चुरा पेलाभर पाण्यात टाकून ढवळावा, अर्धा मिनिट थांबावे, आणि वरचे दुधाळ पाणी ओतून द्यावे. पाणी स्वच्छ राहीपर्यंत असे पाच-सहा वेळा करावे. पुष्कळ बरण्या धुरकट दिसतात त्या ही एक कृती गाळल्यामुळेच.

(४) झाकणाच्या आतील बाजूस मधोमध चपटा खडा चिकटवावा व खड्यावर मूर्ती चिकटवावी. बरणी उलटी केल्यावर झाकणाच्या काठामुळे मूर्तीचा खालचा भाग झाकला जातो. खड्यामुळे ती उंच येते. चिकटद्रव्याचे दोन्ही भाग शिक्षकांनीच, खिडकीजवळ, हातमोजे घालून कालवावेत. ते पूर्ण वाळण्यास एक अहोरात्र द्यावे.

(५) पाणी दहा मिनिटे उकळून झाकून गार करावे. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि पुढे मूर्तीवर बुडबुडे धरत नाहीत, जंतूही मरतात. बरणी व झाकण गरम पाण्याने धुऊन घ्यावे.

(६) बरणीत तीन भाग पाणी व एक भाग ग्लिसरीन घालून हळूहळू ढवळावे. मिश्रण एकजीव होईपर्यंत त्यात तेलकट रेषा दिसतात. त्या नाहीशा झाल्या की मिश्रण तयार झाले असे समजावे.

(७) पाव चमचा चुरा व साबणाचा एक थेंब घालावा. साबणाशिवाय बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावर साय धरल्यासारखे तरंगतात. साबणाने पाण्याचे पृष्ठताण कमी होऊन ते भिजतात व बुडतात. थेंब अधिक झाले तर मात्र फेस होतो.

(८) बरणी परातीत ठेवून काठोकाठ भरावी व मूर्ती आत जाईल अशा रीतीने झाकण सावकाश लावावे. मूर्तीने सारलेले पाणी परातीत पडते. ते मोजपात्रात घेतल्यास मूर्ती व खडा यांचे मिळून आकारमान कळते. ही मोजणी अवश्य करून घ्यावी.

(९) झाकण घट्ट केल्यावर वर वाटाण्याएवढा बुडबुडा राहू द्यावा. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो. त्यास जागा नसल्यास तो झाकणातून पाझरतो.

(१०) बरणी टीपकागदावर एक दिवस उलटी ठेवावी. कागद कोरडा राहिल्यास आठवडाभर वाट पाहावी, आणि द्रव स्वच्छ राहिला तरच झाकणाच्या कडेने चिकटद्रव्य भरून ते कायमचे बंद करावे.

दोष व त्यांची कारणे

पहिल्याच प्रयत्नात बरणी साधेल असे नाही. न साधलेली बरणी ओतून देऊ नये. ती टेबलावर मांडून तिचा दोष मुलांकडून शोधून घ्यावा. कण वर तरंगत असतील तर साबण कमी पडला. फेस निघत असेल तर तो अधिक झाला. पाणी दुधाळ असेल तर चुरा नीट धुतला गेला नाही. कणांचे गोळे होत असतील तर टरफलांचा पापुद्रा राहिला. पाण्यास तांबूस झाक आली तर झाकण किंवा मूर्ती गंजत आहे. आठवड्याने वास येऊ लागला किंवा हिरवट डाग दिसले तर पाणी उकळण्यात किंवा बरणी धुण्यात कुचराई झाली. प्रत्येक दोषास कारण आहे आणि ते कारण शोधता येते, हा विश्वास मुलाच्या मनात निर्माण होणे हा ह्या हस्तकृतीचा मोठा लाभ आहे.

वर्गातील निरीक्षण

एकसारख्या तीन बाटल्या घ्याव्यात. पहिलीत नुसते पाणी, दुसरीत तीन भाग पाणी व एक भाग ग्लिसरीन, तिसरीत समभाग मिश्रण घ्यावे. तिन्हींत चुरा, त्याचा भरडपणा आणि साबण सारखाच असावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगाचा पहिला नियम मुलांस येथेच शिकवावा. बाटल्यांवर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. बाटली हलवून ठेवल्यावर द्रव स्थिर झाला की एक कण नजरेने धरावा आणि दोन्ही खुणांमधील अंतर उतरण्यास त्याला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजावे. प्रत्येक बाटलीत तीन वेळा मोजून सरासरी काढावी. दहा सेंटिमीटरला पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला दोन सेंटिमीटर झाला, हे गणित मुले स्वतः करतील.

पुढे हिवाळ्यातील सकाळी आणि उन्हाळ्यातील दुपारी तीच बरणी तपासावी. द्रव तापला की त्याची श्यानता घटते. पाण्याच्या बाबतीत २० अंशांपासून ४० अंश सेल्सिअसपर्यंत ती सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. म्हणजे काचेतील हिम थंडीत सावकाश पडते व उन्हाळ्यात लगबगीने. हा फरक मुलांनी आपल्या नोंदीतून शोधून काढला तर त्यांना जो आनंद होईल तो शिक्षकाने सांगून होणार नाही.

बरणीतील खरे व खोटे

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे वळावयाचे. बरणी पूर्ण झाल्यावर फळ्यावर दोन रकाने करावेत. एकात बरणीत खऱ्या हिमासारखे काय आहे ते, व दुसऱ्यात वेगळे काय आहे ते मुलांकडून लिहून घ्यावे.

खरे ते हे : कण सावकाश उतरतात, ते उतरविण्याचे काम सभोवतालच्या द्रव्याचा विरोध करतो, मग ते द्रव्य हवा असो वा पाणी, चपटा कण डोलत येतो, आणि कण छतावर, झाडावर, जमिनीवर थर धरून बसतात. खोटे ते हे : टरफल म्हणजे हिम नव्हे, ते वितळत नाही व थंड नाही, त्याला हिमस्फटिकाचे सहा कोनांचे रूप नाही, खरे हिम पाण्यातून नव्हे तर हवेतून पडते, आणि ते वर जाऊन पुन्हा पडत नाही, ढगातील बाष्प गोठून नव्याने तयार होते.

याच वेळी शब्दांचाही भेद करून घ्यावा. ढगातील बाष्प थेट स्फटिकरूप होऊन पडते ते हिम. पाण्याचे थेंब वादळी ढगात गोठत, थरावर थर चढत जाऊन पडतात त्या गारा. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने पिकांचा नाश केला, तो गारांमुळे, हिमामुळे नव्हे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळी पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो, ते गोठलेले दव होय. ते आकाशातून पडलेले नसते. कारखान्यात पाणी गोठवून करतात तो बर्फ. एका बरणीच्या निमित्ताने हे चार शब्द आपापल्या जागी बसले तर भाषा आणि भूगोल ह्या दोन्ही विषयांचे काम साधले.

एखादे मूल बरणीत आपल्याच गावची शाळा किंवा देऊळ बसवील आणि त्यावर हिम पाडील. त्यास मना करू नये. कल्पनेला तेवढी मोकळीक हवी. मात्र असे आपल्या गावी का घडत नाही, हा प्रश्न त्यास अवश्य विचारावा.

दक्षता

गोल किंवा फुगीर काचेचे पाण्याने भरलेले भांडे उन्हात ठेवू नये. चर्मकाराचा काचगोल ज्या गुणामुळे दिव्याचा प्रकाश एकवटीत असे, त्याच गुणामुळे सूर्यकिरण एका बिंदूवर येऊन कागद किंवा कापड पेटू शकते. विजेचे जुने दिवे फोडून त्यांचे गोल करू नयेत. मोटारीत घालण्याचे गोठणरोधक द्रव कोणत्याही कारणास्तव वापरू नये. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीस गोडसर परंतु विषारी असून माणसांस व जनावरांस प्राणघातक ठरते. बाजारातील हिमगोल फुटल्यास त्यातील द्रवही मुलांनी चाखू नये व मांजराकुत्र्यांस चाटू देऊ नये. उकळते पाणी व चिकटद्रव्य यांचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. काच फुटल्यास मुलांस दूर करून तुकडे झाडूने गोळा करावेत. काम संपल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

समारोप

प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की वस्तू सुबक दिसावी म्हणून शिक्षकांचा हात पुढे होतो, आणि मूल बाजूस उभे राहते. त्या वस्तूस पारितोषिक मिळते, परंतु ती कशी झाली असे पाहुण्यांनी विचारताच मूल गोंधळून शिक्षकांकडे पाहते. हिमगोलाच्या बाबतीत तरी असे होऊ देऊ नये. बरणी थोडी धुरकट असली, मूर्ती किंचित तिरपी बसली तरी हरकत नाही. तिच्याशेजारी मुलांच्या नोंदीची वही आणि फसलेली एक बरणी मांडावी. पाहुण्याने बरणी हलवून खाली ठेवली, पांढरे कण घरावर उतरू लागले, आणि ते सावकाश का उतरतात, ते खऱ्या हिमासारखे कोठे आहेत व कोठे नाहीत, हे त्या मुलाने आपल्या शब्दांत सांगितले, म्हणजे त्या शाळेत हिमाचा धडा झाला असे समजावे.